बुजवलेली भोकं

अबोलीची पानं पिवळी पडून लोंबायला लागली, तसे अप्पा तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. गावचं घर बंद करून ते कळव्याला मुलाकडे राहायला आले, तेव्हा परसातली ही एकच फांदी त्यांनी सोबत आणली होती. गॅलरीतल्या रंगाच्या रिकाम्या बादलीत ती रुजली, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं.

त्यांच्या सुनेला, विनिताला, झाड तहानलेलं वाटेना. मातीला कुजक्या अंड्यांचा वास येत होता. मातीत पाणी साचून हवा उरली नाही की असा वास सुटतो. पण बादलीच्या बुडाला तिने स्वतः तापलेल्या सळईने भोकं पाडली होती. तिने बादली कलती केली. प्रत्येक भोक एमसीलने बुजवलेलं होतं, गळक्या नळाला लावतात तसं, अंगठ्याने नीट दाबून.

"अप्पा, हे कोणी केलं?"

अप्पा म्हणाले, "खालच्या सरोजताईंच्या वाळत घातलेल्या साडीवर मातीचं पाणी पडलं. माझ्यामुळे तुम्हाला कोणाचं ऐकून घ्यायला नको. तुमचं घर आहे."

विनिता खाली गेली. सरोजताई म्हणाल्या, दोरीवरचे कपडे काढल्यावर पाणी घाला, एवढंच त्या बोलल्या होत्या. अप्पांनी इतकी माफी मागितली की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

भोकं बुजवल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, खाली एखादी थाळी ठेव की. झाडाचा श्वास कशाला कोंडता?"

वर येऊन विनिताने झाड मातीसकट बाहेर काढलं. बरीचशी मुळं काळी, बुळबुळीत झाली होती. आत मात्र थोडी पांढरी होती. कुजलेली तिने कापून टाकली, भोकं पुन्हा पाडली, कोकोपीट आणि वाळू मिसळून नवी माती भरली. बादली दोन विटांवर ठेवून मधल्या फटीत थाळी सरकवली आणि तांब्याभर पाणी घातलं.

अप्पा उकिडवे बसून खाली डोकावत होते. पाणी ठिबकायला लागलं.

"दोन भोकांतून येतच नाहीये गं," ते म्हणाले. "सळई परत तापव. आणि बादली कोपऱ्यात नको, इथे दाराशी ठेवू. सकाळी मी इथे खुर्ची टाकून बसेन."

विनिता गॅस पेटवायला उठली.