भूपेंद्रच्या नावाची सव्वा मूठ

ललित बोरसे गोष्ट सांगायला बसला की सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत लूमवरून सुटलेली माणसं घरी न जाता त्याच्या ओट्यापाशी थांबत. हातात रिकामा डबा, कानात अजून खात्याची, म्हणजे लूमच्या कारखान्याची, खडखड, आणि तोंडात एकच प्रश्न, आज कोणता देश?

१९९७ सालचा श्रावण लागला होता. ललित परत येऊन आठ महिने झाले, तरी त्याच्या गोष्टी आटत नव्हत्या. खरं तर परदेशात दोन वर्षं काढलेल्या मजुराकडे सांगायला दहा दिवसांचंच असतं. बाकीचं काम आणि झोप. पण ललित एकट्याचं सांगत नव्हता. तो आपलं सांगे आणि सोबत गेलेल्या भूपेंद्रचंही सांगे, आणि भूपेंद्रच्या वाट्याला नेहमी चांगला भाग येई.

बँकॉकच्या रस्त्यावर गाडीवाल्या बाईनं भातावर हिरव्या मिरचीचं पाणी घातलं, तेव्हा ललितच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि भूपेंद्रनं मात्र पुढं वाटी करून आणखी मागितलं. मलेशियातल्या गिरणीत ब्रह्मदेशाचा एक, ढाक्याचे दोन, तमिळ चार आणि इंडोनेशियाच्या पोरी, अशी सगळी खिचडी. धागा तुटला की ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत ओरडायचं. भूपेंद्रनं महिन्याभरात सगळ्यांना अहिराणी शिकवली, आणि मग ढाक्याचा अन्वरसुद्धा लूम थांबवून ‘धागा तुटना रे भो’ म्हणू लागला. गल्ली पोट धरून हसे.

भूपेंद्रची आई सुंदरा दाराच्या चौकटीला पाठ लावून बसलेली असे. मिरचीवर ती हसायची नाही, पोरींवर हसायची नाही. भूपेंद्रचं नाव आलं की पदर तोंडाला लावून हसायची. गोष्ट संपली की तो आता कुठं आहे ते विचारायची, “आते कथा शे तो?”

आणि ललित एक नवा देश सांगायचा.

भूपेंद्र मरून चौदा महिने झाले होते. गल्लीत हे फक्त ललितला ठाऊक होतं.

दोघं चुलतभाऊ, एकाच महिन्यात जन्मलेले, अमळनेरकडच्या एकाच गावातून बापांच्या मागं सुरतेला आलेले. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला आणि खाती बंद पडली, तेव्हा दोघं एकाच गाडीच्या दाराला लोंबकळून गावी गेले आणि महिन्यानं परत आले. परत येऊन पाहतात तर त्यांच्या जागी दुसरी पोरं लूमवर उभी. तेवढ्यात उधन्याचा एक एजंट भेटला. मलेशियात कापडाच्या गिरण्या आहेत, सुरतच्या कारागिराला तिथं मान आहे, असं तो म्हणाला. दुरून डोंगर साजरे, आणि वीस वर्षांच्या पोराला तर डोंगर दिसतच नाही, नुसतं साजरेपण दिसतं. फेब्रुवारीत दोघं विमानात बसले. बँकॉकहून आगगाडीनं दक्षिणेला, आणि तिथून एका ट्रकमध्ये रबराच्या गठ्ठ्यांखाली आडवं पडून सरहद्दीपलीकडे. पासपोर्ट एजंटच्या माणसानं काढून घेतले ते पुन्हा दिसले नाहीत.

मिरचीची गोष्ट खरी होती. अन्वरचीही खरी होती. एवढंच की त्या गोष्टी पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये संपल्या.

भूपेंद्रला ताप भरला. चौथ्या दिवशी तो बरळायला लागला, तेव्हा गिरणीच्या मुकादमानं ललितला सांगितलं की याला इथून हलव, इथं मेला तर पोलीस येतील आणि सगळेच जाल. पहाटे ललितनं त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, आपल्या कमरेला टॉवेलनं बांधलं आणि गावातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत नेलं. आत नेलं तर कागद मागतील. फाटकाजवळ एक बाक होता. ललितनं त्याला त्यावर टेकवलं आणि म्हणाला, “बठ, मी पानी लई येस.”

पाणी आणायला गेलेला ललित दोन दिवसांनी परत आला. झाडू मारणाऱ्या एका तमिळ बाईनं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की तो पोरगा त्याच दुपारी गेला, आज सकाळी पुरला, आम्ही नाव विचारत होतो पण त्याला बोलता येत नव्हतं. मग तिनं ललितकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुझा कोण होता? नाव काय त्याचं? दाराशी खुर्ची टाकून एक पोलीस शिपाई बसला होता. ललितनं मान हलवली, ओळखत नाही म्हणाला आणि सायकलवर बसला.

चार महिन्यांनी धाड पडली आणि तो पकडला गेलाच. दोन महिने छावणीत काढून त्याला भारतात पाठवलं. ज्या भीतीपायी त्यानं भाऊ टाकला, ती भीती शेवटी खरी होऊन अंगावर आली आणि त्यात मरण्यासारखं काहीच नव्हतं. हे त्याला छावणीत कळलं आणि तिथंच तो पहिल्यांदा रडला.

सुरत स्टेशनावर त्याची आई कुसुम आली होती, आणि तिच्या शेजारी सुंदरा, हातात भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन. दोन तुकडे होते. सुंदरानं त्याच्या मागं डब्याच्या दारात पाहिलं आणि विचारलं, “मन्हा भूपेन कथा शे रे?”

सांगायचं ठरवूनच तो गाडीत बसला होता. भुसावळपासून वाक्य घोकत आला होता. पण तो दुसरा तुकडा पाहिला आणि जीभ वळली ती भलतीकडेच. “त्याले मोठं काम लागनं काकू. तो सिंगापूरले गया.”

एक खोटं बोललं की दहा पोसावी लागतात. भूपेंद्रचे वडील उखा बोरसे लूमवर तीस वर्षं काढून अर्धे बहिरे झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी एकदाच विचारलं, “पत्र का नही धाडस तो?” ललित म्हणाला, त्याच्याजवळ कागद नाहीत काका, पत्र सापडलं तर पकडतील. उखाकाकांनी मान डोलावली. पोरगा पकडला जाऊ नये म्हणून बापानं पत्राची वाट पाहणंही सोडून दिलं.

भूपेंद्रची बहीण धनश्री दहावीत होती. तिनं शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात भावाची रेघ काढली होती. मुंबई, बँकॉक, मलेशिया, सिंगापूर. ललितनं होळीला त्याला तैवानात नेलं, अक्षय्य तृतीयेला कोरियात. दर वेळी धनश्री पेन्सिलीला टोक करून रेघ पुढं न्यायची आणि सुंदरा त्या रेघेवरून बोट फिरवायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण रेघ वाढते आहे एवढं तिला कळत होतं. जिवंत पोराला जे जमलं नाही ते मेलेला भूपेंद्र करत होता, सगळा आशिया पालथा घालत होता.

हे असंच चाललं असतं. पण सुंदरानं आषाढातच नवस बोलून टाकला होता. पोरगा सुखरूप आहे, म्हणून यंदा कानबाई आपल्या घरी बसवायची.

कानबाई हे खानदेशी माणसाचं घरचं दैवत, सुरतेत आला तरी न सुटलेलं. श्रावणातल्या रविवारी ती बसते आणि सोमवारी तापीत जाते. तिच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, गहू घेतात ते मापानं नाही, माणसांनी. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं प्रत्येकी सव्वा मूठ. पोटातून नुकतं आलेलं पोर असलं तरी त्याची मूठ पडते, आणि माणूस सातासमुद्रापार असला तरी पडते. फक्त मेलेल्याच्या नावानं मूठ पडत नाही, आणि सुतक असलेल्या घरात कानबाई बसत नाही.

शुक्रवारी सकाळी उखाकाकांच्या खोलीत भाऊबंद जमले. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. मधोमध नवं सूप, शेजारी निवडलेल्या गव्हाचा डबा. कोपऱ्यावरच्या सुकलालनं रोटासाठी चक्की धुऊन ठेवल्याचा निरोप धाडला होता. कुसुम ललितला हाताला धरून घेऊन आली. तो येत नव्हता, पोटात दुखतंय म्हणाला होता. आई म्हणाली, भाऊबंदांत आज तोंड दाखवलं नाहीस तर लोक काय म्हणतील.

उखाकाकांनी पहिली मूठ घेतली. “उखा,” असं स्वतःचंच नाव घेऊन त्यांनी गहू सुपात सोडले, मग वर पाव मूठ. त्या घरात पुरुष दोनच. त्यांनी दुसऱ्या मुठीसाठी हात डब्यात घातला, तेव्हा सुंदरा म्हणाली, “थांबा जरासं. भूपेननी मूठ ललित टाकी. त्याले शेवटला यानीच देखेल शे.”

कुणाला त्यात गैर वाटलं नाही. बायकांना ते बरंच वाटलं. ललितला पुढं सारलं गेलं, आणि सुंदरानं त्याचा हात धरून डब्यात घातला. गहू थंड होते. त्यानं मूठ भरली आणि सुपावर धरली.

नुसतं बोटं सैल करायचं काम होतं. आठ महिने जो माणूस देशामागून देश रचत होता, त्याला एक नाव घेणं जड जाण्याचं कारण नव्हतं. सगळे त्या मुठीकडे बघत होते. मूठ उघडत नव्हती. देवीची त्याला भीती वाटली म्हणावं, तर तो तेवढा भाविक कधीच नव्हता. पण लोकांना हसवायला भूपेंद्रचं नाव घेणं वेगळं आणि जिवंत माणसांच्या धान्यात ते टाकणं वेगळं. त्याच्यानं ते होईना.

“टाक ना बाप्पा,” सुंदरा म्हणाली. “नाव ले आनि टाक.”

“काकू, कानबाई बसाडू नका.”

“का बरं?”

“सुतक शे.”

“कोनं?”

“भूपेननं.”

उखाकाकांना ऐकू गेलं नव्हतं. ते सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. धनश्रीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं.

“कव्हय?” सुंदरानं विचारलं.

“मागला साल. जेठमा.”

तिनं मनाशी हिशेब केला असावा. सिंगापूर, तैवान, कोरिया, सगळे मागं मागं गेले असावेत. ती रडली नाही. “जीव गया तव्हय तू त्याना जोडे व्हता?” तिनं विचारलं.

“नही.” मग त्यानं ताप, सायकल, बाक, पाणी, झाडूवाली बाई आणि शिपाई, सगळं सांगितलं. मूठ तशीच सुपावर होती. कुसुम भिंतीला टेकून खाली बसली. सुंदरानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ती बाईले तू त्यानं नाव सांगं का?”

हो म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं. तिथं कुणी जाणार नव्हतं, विचारणार नव्हतं. आईला तेवढा एक घोट मिळाला असता. ललितनं तिच्याकडे पाहिलं.

“नही सांगं, काकू.”

सुंदरानं पदर त्याच्या मुठीखाली धरला आणि म्हणाली, “सोड.” गहू तिच्या पदरात पडले. तिनं गाठ मारली. मग उखाकाकांच्या मुठीचे गहूही सुपातून परत डब्यात ओतले आणि सूप उभं करून ठेवलं.

त्या वर्षी बोरसेंच्या भाऊबंदांत कानबाई बसली नाही. सुकलालची धुतलेली चक्की कोरडी राहिली. देह नव्हता, म्हणून उखाकाकांनी तापीच्या काठी दर्भाचा पुतळा करून दहा दिवसांचं सगळं केलं. ललित लांब उभा राहिला, त्याला कुणी जवळ बोलावलं नाही. धनश्रीनं खोडरबर घेऊन रेघ मागं आणली ती मलेशियापर्यंत, आणि तिथं पुस्तक मिटलं. गल्लीनं ललितशी बोलणं टाकलं. ज्यांनी पोट धरून हसून घेतलं होतं ते सगळ्यांत जास्त चिडले, आणि ते साहजिकच होतं. ओटा रिकामा पडला.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी सुंदरा आली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून नेहमीच्या जागी बसली. पदराची गाठ तशीच होती.

“सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू काकू?”

“बँकॉकपाईन सांग. खरं.”

ललितनं सांगायला घेतलं. मिरची सांगितली, अन्वर सांगितला. ती हसली नाही, पण ऐकत होती. ताप आला. सायकल आली. येणारीजाणारी माणसं बोलत नव्हती, तरी पावलं मंदावत होती. बाक आला, पाणी आलं, दोन दिवस गेले. झाडूवाली बाई आली आणि तिनं विचारलं, नाव काय त्याचं.

सुंदरानं हात वर केला. ललित थांबला.

“ती बाई इचारी राहिनी ना?” ती म्हणाली. “मंग सांग तिले.”

“भूपेंद्र उखा बोरसे,” तो म्हणाला.

“जोरमा सांग,” सुंदरा म्हणाली. “तो शिपाई बठेल शे ना, त्याले बी ऐकू जावाले पाहिजे.”