उजवी पाकळी

शीतल टीचर गुरुवारी चार वाजता आली ती हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघायची होती. तिच्यात शाळेचा इतिहास यायचा होता, आणि छापण्याआधी तो मला वाचून दाखवायचा असं त्यांचं ठरलं होतं. मी दुसरी पास. त्यातलीही अर्धी दुसरी काजू वेचण्यात गेली. पण कोणी वाचून दाखवलं तर कुठे चुकलं ते मला बरोबर कळतं.

तिला बलकांवात, म्हणजे आमच्या ओसरीवर, कदेल ओढून बसवलं. म्हटलं, "वाच. पण सावकाश. शेवटची बस सुटल्यासारखी पळू नको."

तिने वाचलं. विनायक सरांनी पेडणे आणि डिचोलीच्या गावांतून सायकलवर फिरून मुलं शोधली. कोणाचे पाय पोलिओने गेलेले, कोणाचे हात वळलेले, कोणी जन्मापासून जमिनीवर सरपटणारं. पहिल्या वर्षी अकरा दिव्यांग मुलं मिळाली.

"दिव्यांग हा शब्द तेव्हा नव्हता," मी म्हटलं. "तेव्हा आम्ही पांगळी म्हणायचो."

"माई, ते छापता नाही यायचं."

"छापू नको. पण म्हणायचो."

पुढे माझं नाव आलं. दानशूर श्रीमती भागीरथीबाई परब. मी तिला तिथेच थांबवलं. "दानशूर काढ. जमीन दिली, कवचकुंडलं नाही दिली." ती हसली आणि पेनाने खोडलं. मग मागचं एक पान राहिलं होतं ते तिने काढून वाचलं. "सन २००० मध्ये शाळेसाठी पार्से येथील देवळाशेजारची जागा मागण्यात आली होती. परंतु देवाचा कौल प्रतिकूल आल्याने शाळा चोपडे येथे नदीकाठच्या एका शेडमध्ये सुरू करावी लागली."

"बरोबर ना, माई?"

"बरोबर," मी म्हटलं.

पंचवीस वर्षं जिभेला हेच वळण. शीतलने चहा घेतला, पान आवडलं म्हणून दोन विडे बांधून घेतले आणि स्कूटरवरून गेली. मी मात्र कदेलीवरून उठले नाही. सून दोनदा विचारून गेली, कंबर धरली काय म्हणून. कंबर नव्हती धरली.

देवळाला लागून आमची काजूची बाग आहे. देवाच्या शेजारची जमीन कोणाला द्यायची तर आधी देवाला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. गुरव दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नको. त्यावर गावात कोणी वाद घालत नाही. कोर्टाच्या निकालावर अपील होतं, पाकळीवर होत नाही.

विनायक सर जागा मागायला आले तेव्हा माझी सून पोटुशी होती. सहावा महिना. घराच्या मागच्या जनेलातून ती बाग सगळी दिसते. मी मनात म्हटलं, आता रोज सकाळी हिने जनेल उघडायचं आणि ती सरपटणारी पोरं बघायची, आणि पोटातल्यावर त्याची सावली पडायची. हे मी कोणाला बोलले नाही. कोणी बोललं असतं तर मीच त्याला अडाणी म्हटलं असतं. सरांना सांगितलं, "मी कोण देणारी? देवाला विचारू या."

मंगळवारी दुपारी कौल लावला. गाभाऱ्यात मी आणि सगुण गुरव, दोघंच. सर बाहेर चाफ्याखाली उभे होते. त्यांच्याबरोबर लक्ष्मी होती. ती सावंतवाडीकडची. नवऱ्याबरोबर आमच्या बागेत कामाला आली आणि बागेच्या खालच्या टोकाला राहिली. कडेवर नऊ वर्षांची रत्ना. कमरेपासून खाली पोरीला जीव नाही. शाळा तिच्या दारात येणार की नाही ते ऐकायला लक्ष्मी काम टाकून आली होती.

सगुणने गाऱ्हाणं घातलं. फार वेळ लागला नाही. पाकळी पडली. उजवी.

सगुण माझ्याकडे बघून हसला. "दिला, माई. देवान दिल्यान."

मी म्हटलं, "सगुणा, डावी पडली."

तो खाली पडलेल्या पाकळीकडे बघत राहिला. त्याचं घर आमच्या जमिनीत, त्याच्या मुलाला माझ्या नवऱ्याने ट्रकवर क्लीनर म्हणून लावलेला. मी परत म्हटलं, "डावी." तेव्हा तो म्हणाला, "होय, माई." आणि देवाच्या डाव्या खांद्यावरची पाकळी त्याने बोटाने काढून घेतली.

बाहेर येऊन मीच सांगितलं. सरांनी मान हलवली. लक्ष्मीने एका हाताने रत्नाला सावरलं आणि दुसरा हात कपाळाला लावून देवळाच्या दाराला नमस्कार केला.  देवाने नको म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

त्यानंतर सगुण माझ्या कौलाला कधी बसला नाही. मुलाला बसवायचा. स्वतः आत चंदन उगाळत राहायचा. आता तोही गेला.

शाळा चोपड्याला सुरू झाली. रत्नाला कडेवर घेऊन लक्ष्मी रस्त्यापर्यंत जायची, बस पकडायची, उतरून नदीपर्यंत उतार उतरायची. शाळा सुटेपर्यंत तिथेच मासळी निवडून चार पैसे करायची आणि तिला घेऊन परत. पोर वाढते, आई वाढत नाही. तीन वर्षांनी लक्ष्मीच्या पाठीचा मणका सरकला आणि रत्नाची शाळा बंद झाली.

आणि सहाव्या वर्षी मी जमीन दिली. मोठं मन झालं म्हणून नव्हे. शेजारच्या गावातले एक भाटकार, मोठे जमीनदार, शाळेला जागा देणार आणि पाटीवर त्यांच्या आईचं नाव लागणार, असं ऐकलं. पेडणे तालुक्यात दानाच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव आणि परबांची बाग नुसती काजू गाळते! मला जेवण गेलं नाही. गावात कोणी विचारलं, देवाने नको म्हटलं होतं ना? मी म्हटलं, देवाचं मन वळलं. त्या बिचाऱ्याचं मन वळायला काही नव्हतं. तो पहिल्या दिवशीच हो म्हणाला होता.

शाळेची घंटा लक्ष्मीच्या दारात स्वच्छ ऐकू येते. पण नवीन मुलं चौदा वर्षांपर्यंतचीच घेत, आणि रत्नाला पंधरावं लागलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी काठी घेतली आणि बागेच्या खालच्या टोकाला गेले. शाळेच्या पंचविशीच्या कार्यक्रमाचे हार सांगायचे होते, ते निमित्त. रत्ना आता चौतीस वर्षांची आहे. अबोलीचे हार तिच्यासारखे कोणी गुंफत नाही. देवळातला रोजचा हार तिच्याच हातचा. चाकांच्या खुर्चीत बसून ती दोरा ओढत होती.

"माई, पाय मोडत इलात?" लक्ष्मी आतून आली. "निरोप धाडलो असतात तर मी इलंय असतंय."

"हार पाहिजेत. पाच. पाहुण्यांना चार, मला एक."

"तुमका मोठो करतंय," रत्ना म्हणाली. "शाळेची आवय तुमी."

मी म्हटलं, "लक्ष्मी, देवळात हार कोण पोचवतो?"

"मीच. पायरेर ठेवतंय नि येतंय."

"आत का जात नाहीस?"

तिने पदराने हात पुसले. "माई, रागाव नकात. पंचवीस वर्सां झाली. ज्याका माझा चेडू नको, त्याच्या गाभाऱ्यात मी कित्याक जाऊ? हार विकतंय, त्यो धंदो. पाया पडूक जाणय नाय."

रत्ना हसत म्हणाली, "आवय रुसली हा देवावर. मी लहान असताना म्हणायची, देवाक सरपटणारा आवडत नाय. नागपंचमीक मगे काय पूजता, मी इचारायचंय."

मला हसायला हवं होतं. पोरीचं बोलणं माझ्यासारखंच धारदार आहे. 

"देव हो म्हणाला होता," मी म्हटलं.

लक्ष्मीने हातातला पदर सोडला.

"उजवी पडली होती. सगुणने बघितली, मी बघितली. डावी पडली असं मी बोलले. सून पोटुशी होती. मला तुमची पोरं माझ्या जनेलासमोर नको होती."

माझा नातू निखिल तीन महिन्यांनी धडधाकट जन्माला आला. आता तो मुरगावला बंदरावर कामाला आहे. हे तिथे सांगायची माझी हिंमत झाली नाही. लक्ष्मीला ठाऊकच होतं. त्याचं बारसं तिनेच सारवलेल्या अंगणात झालं होतं.

रत्नाचा दोरा हातात तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "मगे मी तीन वर्सां चोपड्याक कित्याक गेलंय?"

 मी आयुष्यात कोणाला उत्तर द्यायला कमी पडले नाही. सासूला नाही, तलाठ्याला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तिथे मात्र काठीच्या टोकाने माती उकरत बसले.

लक्ष्मी आत गेली. मला वाटलं, आता झाडू घेऊन येते, आणि यावी. पण ती पाय धुऊन बाहेर आली. पदर खांद्यावरून घेतला आणि माझ्या अंगावरून, मला न बघता, देवळाच्या वाटेला लागली. पाठ वाकलेली, एक हात कमरेवर. पायरीवर हार ठेवायला ती थांबते ती जागा मला माहीत आहे. त्या दिवशी ती थांबली नाही. वर चढली, चौकटीला हात लावला आणि आत गेली.

"माई, तुमी जावा," रत्ना म्हणाली. "माका हार करूचे आसत."

घरी येऊन मी शीतल टीचरला फोन लावायला सांगितला. "ते कौलाचं वाक्य काढ आणि मी सांगते ते लिही. देवाने उजवा कौल दिला होता. भागीरथी परबीणीने डावा सांगितला. त्यामुळे शाळा सहा वर्षं चोपड्याला राहिली आणि रत्नाचं शिक्षण राहिलं. रत्नाला आधी विचार, तिचं नाव चालेल का."

 शीतल म्हणाली, "माई, कार्यक्रमाला मंत्री येणार आहेत. असं कसं छापायचं?"

"अक्षरांनी छापायचं. दानशूर छापायला जमत होतं ना?"

संध्याकाळी तिचा फोन आला. रत्ना म्हणाली होती, नाव घाला, पण पूर्ण घाला, आईच्या नावासकट.

पुढच्या रविवारी सकाळी फुलांची करंडी आली. शाळेच्या शिपायाने माझ्यासमोरच उघडली. अबोली घट्ट गुंफलेली, मधे मधे हिरवं. चार हार होते.

"माई, पाच सांगितले होते ना? एक राहिला वाटतं. जाऊन घेऊन येऊ?"

"राहिला नाही," मी म्हटलं. "बरोबर दिलेत."

मंचावर चार पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले. पाचव्या खुर्चीवर मी बसले होते, स्मरणिका मांडीवर घेऊन. ते पान कुठे आहे ते मी शीतलकडून आधीच बघून ठेवलं होतं. अक्षर लावत लावत वाचलं. रत्ना लक्ष्मी गावस. लक्ष्मी पुढच्या रांगेत नव्हती, मागच्याही नव्हती. देवळाकडून घंटेचा एक टोला आला.