सराव चालू आहे

मी एक जुनी ढकलगाडी आहे. लोखंडी सांगाडा, वर एक फळी, खाली एक फळी, चार चाके आणि ढकलायला एक आडवा दांडा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझ्या बहिणी तुम्ही इस्पितळात किंवा ग्रंथालयात पाहिल्या असतील. त्या भाग्यवान. त्यांच्या अंगावरून औषधे जातात, पुस्तके जातात. माझ्या कपाळी सरकारी कचेरी लिहिलेली होती.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझे सांधे जोडले, त्याने मला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिले आणि तो सोबत्याला म्हणाला, "ही आपल्या दोघांच्या मागेही चालत राहील." माझी तारीफ म्हणून जी काय झाली ती तेवढीच. पुढे ज्या लोकांत आयुष्य काढले, त्यांनी एकमेकांची तारीफ इतकी केली की माझ्यासाठी काही उरले नाही.

ही कचेरी रस्ते आखण्याची. नवा रस्ता कुठून जाणार हे जाहीर होईपर्यंत गुप्त असते, कारण ज्याच्या शेतावरून तो जातो त्याच्या मातीचे सोने होते. म्हणून रस्त्यांचे नकाशे गुंडाळ्या करून नकाशाघरात कपाटबंद ठेवत. ते तिथून साहेबांच्या खोलीत न्यायचे आणि परत आणायचे, हे माझे काम. मी गुडघ्याच्या उंचीवरून जग पाहिले. या उंचीवरून माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, पण तो कुणाच्या दारासमोर पाय पुसतो आणि कुणाच्या दारातून मागच्या पावली निघतो, ते स्वच्छ दिसते. चेहरे पाहून माणसे ओळखणाऱ्यांची मला कीव येते.

नकाशाघराची किल्ली एका बाईंकडे होती. त्यांना सगळे पाठीमागे नाहीताई म्हणत. कुणीही आले आणि म्हणाले, "ताई, जरा तो नकाशा द्या, दोन मिनिटांत परत देतो," की ताई मान वर न करता विचारत, "सही?" सही नसली तर "नाही." त्यात राग नसे, तोराही नसे. उन्हाळ्यात ऊन असते तसे त्यांचे नाही असे. त्या सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या नंतर जात, आणि रजा घेत नसत. घरी सासू अंथरुणाला खिळलेली होती. दिवसा नणंद तिचे करी. एखादा वाईट दिवस आला तर हाताशी असावी म्हणून ताई रजा साठवून ठेवत.

दुसरे होते हसरे साहेब. हे मोठ्या साहेबांच्या हाताखालचे. शिपायाला दादा म्हणायचे, पहारेकऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे, कुणाची मुलगी पास झाली तर तिच्या बापाआधी यांचे डोळे पाणावायचे. असा माणूस मिळायला भाग्य लागते, असे सगळे म्हणत. कुणाचे भाग्य, हे कुणी विचारले नाही.

एके वर्षी घोटाळा झाला. एका रस्त्याचा नकाशा जाहीर होण्याआधीच कुणीतरी त्या रस्त्याकडेच्या जमिनी हव्या तेवढ्याच, हव्या तिथेच विकत घेऊन टाकल्या. वरून विचारणा आली. आतलाच कुणीतरी फुटला होता हे उघड होते. आता अशा वेळी काय करायचे असते? नकाशे कुणाकुणाच्या हातून गेले ते पाहायचे असते. ते सोपे होते, म्हणून कुणाला सुचले नाही. त्याऐवजी प्रशिक्षण मागवले.

प्रशिक्षक आले. त्यांचे बूट इतके चकचकीत की माझी खालची फळी मला त्यांत दिसली. त्यांच्या व्याख्यानाचे नाव होते 'अस्तनीतले निखारे: ओळखा आणि विझवा'. पुस्तिकांचे गठ्ठे मीच वर नेले. वजन बरेच होते, ऐवज बेताचा. घरभेद्याची लक्षणे पुस्तिकेत दिली होती. तो लवकर येतो, उशिरा जातो. रजा घेत नाही. त्याला घरच्या अडचणी असतात. तो सहकाऱ्यांत मिसळत नाही. एकेक लक्षण वाचले जाई आणि सभागृहातली एकेक मान ताईंकडे वळे. ताई मात्र मन लावून ऐकत होत्या. त्या सभागृहात मन लावून ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. तेही कुणाला संशयास्पद वाटले असणार.

शेवटी फॉर्म वाटले. ज्याचा संशय येतो त्याचे नाव आणि कारण लिहा, तुमचे नाव गुप्त राहील. ती पेटी मोठ्या साहेबांच्या खोलीत नेण्याचा मानही मलाच मिळाला. साहेब एकेक फॉर्म मोठ्याने वाचत आणि हसरे साहेब च् च् करत. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर ताईंचे नाव होते. एकाने लिहिले होते की त्या कपाटाची किल्ली कंबरेला लावतात. दुसऱ्याने लिहिले होते की नमस्कार केला तर नुसती मान हलवतात. तिसऱ्याने प्रामाणिकपणे लिहिले होते, मला नकाशा दिला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर निदान संन्याशाला विचारतात तरी. इथे तेही नाही. ताईंना नकाशाघरातून काढले आणि 'पुढील आदेशापर्यंत' मोडक्या खुर्च्यांच्या कोठारात बसवले. नकाशाघराची किल्ली गेली हसरे साहेबांकडे, कारण त्यांच्याविषयी एकही फॉर्म आला नव्हता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कशा जातात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्या अशा जातात. बहुमताने.

काही दिवसांनी ताई मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यात फायली घेऊन उभी होते. ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वाक्य पुरे व्हायला वेळ लागत होता.

"साहेब, काल नणंदेनं मला विचारलं, वहिनी, तुम्ही खरंच काही केलं नाही ना? मला बाकी काही नको. मी केलं नाही, एवढी एक ओळ लिहून द्या. घरी दाखवायला."

"चौकशी झाली की देऊ की."

"चौकशी कधी आहे?"

"ती करायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही," साहेब म्हणाले. "तुमच्यावर आरोप कुठं आहे, ताई? आरोपच नाही, तर निर्दोष कसं म्हणणार?"

ताई मान हलवून निघून गेल्या. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांचे एकच तत्त्व होते. ज्या कागदावर सही करावी लागत नाही तो उत्तम कागद.

मग प्रशिक्षक दुसऱ्यांदा आले. आता सराव. कचेरीतल्या एका विश्वासू माणसाने खोटा चोर व्हायचे, दिवसाढवळ्या नकाशे बाहेर न्यायचे आणि कोण अडवतो ते पाहायचे. खोटा चोर कोण व्हावा यावर फार विचार झाला नाही.

हसरे साहेबांनी माझ्यावर गुंडाळ्या रचल्या आणि मला ढकलत निघाले. लिफ्टमधल्या चौघांनी बाहेर येऊन आम्हाला जागा दिली. एक गुंडाळी वाटेत पडली, ती उचलून एक लिपिक धापा टाकत मागे आला. मागच्या दारावरच्या पहारेकऱ्याने दार धरले, नकाशे साहेबांच्या मोटारीच्या डिकीत ठेवायला मदत केली आणि डिकी लागल्यावर तिच्यावरची धूळ बाहीने पुसली. एवढी आदबशीर चोरी मी तरी पाहिली नव्हती.

संध्याकाळी सभा झाली. ती होती चोर आपलाच, आणि कुणालाही कळला नाही, हे सांगायला. कुणी खजील झाले नाही. उलट टाळ्या पडल्या. एक जण हसरे साहेबांना म्हणाला, "अगदी खरा चोर वाटलात हो."

"तसा वाटलो असतो तर अडवलं नसतं का तुम्ही?" हसरे साहेब म्हणाले. यावर सगळे पोट धरून हसले. अहवालात लिहिले गेले की सरावादरम्यान कोणताही अनुचित प्रकार निदर्शनास आला नाही.

आणि मित्रांनो, त्यानंतर पुढच्याच आठवड्यात हसरे साहेबांनी पुन्हा माझ्यावर गुंडाळ्या रचल्या. लिफ्टपाशी कुणीतरी डोळा मिचकावून विचारले, "आज पुन्हा?" साहेबांनी ओठांवर बोट ठेवले. "सराव चालू आहे." बस्स. ते तीन शब्द म्हणजे पासच झाला. मग जवळजवळ दर आठवड्याला सराव होऊ लागला. काही गुंडाळ्या परत येत, काही येत नसत. मोजणाऱ्या बाई कोठारात खुर्च्या मोजत होत्या. गंमत अशी की कुणी कुठे एक अवाक्षर काढले नाही. गुप्त गोष्ट गुप्त ठेवावी, हा प्रशिक्षणाचा एकच धडा या लोकांनी मनापासून गिरवला. मी लाकूड आणि लोखंड आहे, कुणी ढकलेल तिकडे जाते. पण मला निदान ढकलावे लागते. यांना तेही लागत नव्हते.

पुस्तिकेतल्या एका लक्षणाचा मात्र सगळ्यांनी चांगलाच धसका घेतला होता, रजा न घेण्याच्या. संशय नको म्हणून जो तो रजेवर जाऊ लागला. अर्धी कचेरी निष्ठा सिद्ध करायला घरी बसली. पहारेकरीही गुडघे घेऊन गावी गेला. मागच्या दारावर बसायला माणूस उरेना, तेव्हा मोठ्या साहेबांना आठवले की कोठारात एक बाई रिकामी आहे. मागच्या दारातून जाऊन जाऊन काय जाणार, भंगारच ना, असे म्हणून त्यांनी ताईंना तिथल्या टेबलावर बसवले.

त्या दिवशी आम्ही मागच्या दारापाशी आलो. हसरे साहेब मला ढकलत होते आणि शीळ घालत होते.

"सही?" ताईंनी विचारले.

शीळ थांबली. साहेब अगदी मायेने हसले. "अहो ताई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं. सराव चालू आहे."

"असेल. मग सरावाची सही आणा."

"सरावाला सही घेतली तर तो सराव कसला? चोर कधी सही घेऊन येतो का?"

"म्हणूनच विचारते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी आपली चप्पल माझ्या पुढच्या चाकाला लावली.

साहेबांनी दांड्यावर जोर दिला. ताईंचा पाय हलला नाही. माझ्यावर भार पडला, चाक चपलेच्या टोकावर चढले, ताईंनी ओठ आवळले, पण पाय तिथेच. साहेब हसत होते, पण दांड्यावरचे त्यांचे हात ओले झाले होते. ते मला कळत होते. हात मला चेहऱ्यापेक्षा नीट कळतात.

गलका ऐकून मंडळी जमली. अर्थातच सगळी साहेबांच्या बाजूने. म्हणे बाईंना अजून अक्कल आली नाही. म्हणे एवढ्या लाघवी माणसाला असे बोलवते तरी कसे. शेवटी मोठे साहेब खाली आले. त्यांनी ताईंना बजावले की ही शिस्तीची कामे आहेत, मध्ये पडू नका, सोडा ती गाडी.

"सोडते," ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणून सोडली, एवढं लिहा आणि खाली सही करा."

त्यांनी कोरा कागद पुढे केला. मोठ्या साहेबांनी सवयीने खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि सवयीनेच थांबले. ते हसरे साहेबांकडे वळले. "हे प्रशिक्षकांनी सांगितलंय ना?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, साहेब."

"मी? मी कधी म्हणालो?"

इतका वेळ कुणाच्या डोक्यात न शिरलेला प्रश्न सहीच्या भीतीने त्यांच्या डोक्यात शिरला. त्यांनी तिथूनच प्रशिक्षकांना फोन लावला. प्रशिक्षकांचा सराव एकाच दिवसाचा होता आणि त्याच दिवशी संपला होता. माझ्यावरची पहिलीच गुंडाळी उलगडली, तर आतून नव्या रस्त्याचा नकाशा निघाला, जाहीर न झालेला. जमलेली मंडळी एकेक करून कामाला निघून गेली. एवढ्या लगबगीने कामाला जाताना मी त्यांना आजवर पाहिले नव्हते.

पुढचे ऐका. अहवालात हे यश प्रशिक्षणाच्या नावे जमा झाले. हसरे साहेबांना घरी बसवले, मग बोलावले, मग दुसऱ्या कचेरीत पाठवले. ऐकते की तिथे ते याच विषयावर व्याख्याने देतात आणि अनुभवाचे बोल म्हणून ती फार रंगतात. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत एका लक्षणाची भर पडली, 'सतत हसतमुख व लोकप्रिय'. तेव्हापासून या कचेरीत कुणी हसत नाही. सकाळी सगळे आंबट तोंडे करून येतात, संध्याकाळी तशीच घेऊन जातात.

आणि मी? मी मुद्देमाल ठरले. माझ्या दांड्याला चिठ्ठी बांधली, चाकांना साखळी घातली आणि मला कोठारात लोटले. या सगळ्या प्रकरणात साखळी काय ती मला एकटीला लागली.

ताईंना नकाशाघर परत मिळाले. त्यांनी एका ओळीचा कागद पुन्हा मागितला. मोठे साहेब म्हणाले, अहो, आता तर सगळ्यांना माहीतच आहे, लिहायची काय गरज? नणंदेला मात्र माहीत नाही. तिने विचारायचे सोडले आहे, पण विश्वास ठेवायला अजून सुरुवात केलेली नाही, असे ताईंच्या बोलण्यात आले.

मित्रांनो, मोडक्या वस्तूला तेलपाणी करा, गंजू देऊ नका, असे मी सांगायला हवे. सांगते. पण आमच्यासारख्यांचे तेलाच्या थेंबात भागते. तुमच्यात एखादे माणूस असे असेल की जे नको तिथे गोड बोलत नाही, तर त्याची आठवण फक्त संशय घ्यायच्या वेळी काढू नका. अशी माणसे कुणी कारखान्यात बनवत नाही.

हल्ली दुपारी ताई डबा घेऊन कोठारात येतात. जेवणघरात त्या गेल्या की बाकांवरची बोलणी थांबतात, ज्यांनी फॉर्म भरले ते ताटात पाहू लागतात. परवा झाडू मारणारी बाई त्यांना म्हणाली, "ताई, इतक्या खुर्च्या पडल्यात, ह्या साखळीतल्या गाडीवर कशाला बसता?"

ताईंनी माझ्या फळीवरची धूळ पदराने पुसली आणि डबा उघडला.

"बसू दे गं," त्या म्हणाल्या. "ही कुणाबद्दल काही लिहून देत नाही."