एक कपची कमी

माझी नणंद माकडांचा अभ्यास करते आणि मी उत्खनन, त्यामुळे आमच्याकडे जेवतानाही दगडांवरून भांडणं होतात. पण त्या सकाळी तिने प्रयोगशाळेत येऊन माझ्या टेबलावर जो ट्रे ठेवला, तो पाहून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्यात दगडाच्या धारदार कपच्या होत्या. अगदी माझ्या खड्ड्यातून निघालेल्या, लाखो वर्षांपूर्वीच्या कपच्यांसारख्या!

"माकडांनी केल्यात, वहिनी! दगडाने फळं फोडतात, नेम चुकला की दगडावर दगड बसतो आणि कपच्या उडतात. आता सांग, तुझ्या कपच्या माणसाच्याच कशावरून?"

दुपारी माझं खोदकाम तपासायला येणाऱ्या परीक्षकांना मला हेच पटवायचं होतं, की त्या माणसानेच केल्यात. नाही पटलं, तर खोदकाम कायमचं बंद.

"वन्सं, मुहूर्त बरा शोधलात!" मी खेकसले.

मग दोघी इरेला पेटलो. माझ्या कपच्या, त्या ज्यातून निघाल्या त्या खड्ड्यातल्याच मूळ दगडावर परत जुळवायला बसलो. एकेक अशी चपखल बसत गेली की मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"बघ, प्रत्येक घावाआधी दगड फिरवलाय! तुझी माकडं फिरवतात?"

"छे, एकाच जागी बदडतात. पण चुकून फिरलाही असेल की."

खडूस कुठली! पण परीक्षकही हेच म्हणणार होते.

शेवटी एक जागा रिकामी राहिली. सगळ्यात लांब, पातळ कपची तिथली. मी पिशव्या उपसल्या, टेबलाखाली रांगले. कुठेच नाही. मी अगदी रडकुंडीला आले.

नणंद मात्र त्या खाचेवरून बोट फिरवत होती. "खड्ड्यातली माती चाळली होतीस?"

"कण न् कण!"

"वहिनी, माझी माकडं फळ खातात आणि जातात. कपच्या पडल्या तिथेच राहतात. कितीही धारदार असू देत, ती ढुंकूनही बघत नाहीत." तिचा आवाज चढला. "ही कुणीतरी नेलीय! हवी होती म्हणून काढली आणि नेली!"

मी तिला मिठीच मारली. दोघी वेड्यासारख्या नाचलो.

दुपारी परीक्षकांनी जुळवलेला दगड हातात घेतला. "ही एक कपची हरवली का?"

"नाही," मी म्हणाले. "ज्याने काढली, तो घेऊन गेला."

त्यांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पुढचा खड्डा कुठे घेणार आहात?"