खांब कुठं रोवायचे?

क्लचबाईंना अध्यक्ष व्हायचं नव्हतं. त्या सभेला उशिरा पोचल्या, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. गाडी शिकवण्याचा संध्याकाळचा शेवटचा तास लांबला. त्या धापा टाकत बालवाडीच्या खोलीत शिरल्या, तेव्हा गल्लीतली मोठमोठी माणसं पोरांच्या चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती आणि त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही अध्यक्ष झालात. एकमतानं," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रहिवासी मंडळाच्या चिटणीस. "जेवढे हजर होते तेवढे सगळे नको म्हणाले. तुम्ही हजर नव्हता."

क्लचबाई हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. शिकाऊ माणसाशेजारी बसून त्या "क्लच! अहो, क्लच!" असं इतकं खणखणीत ओरडत की स्टिअरिंगला कधी हातही न लावलेल्या गल्लीकरांना क्लच केव्हा दाबायचा ते पाठ झालं होतं. नवरा गेल्यावर लोकांनी त्यांना गाडी विकून टाका असा सल्ला दिला. त्यांनी गाडी विकली नाही, तिच्यावर पाटी लावली. त्या पडत्या काळात धाकटा दीर पाठीशी उभा राहिला. त्याचं टायरचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या घराला लागूनच. गाडीचं चाक कसं बदलायचं इथपासून ते उद्धट गिऱ्हाइकाला कसं वाटेला लावायचं इथपर्यंत सगळं भावोजींनीच त्यांना शिकवलं.

आणि आता नेमकं भावोजींशीच वाजायची वेळ आली होती.

गल्ली तशी साधीच. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला ओढा आणि ओढ्याच्या काठानं दाट सावलीची जुनी झाडं. पण पलीकडे मोठं बाजारसंकुल झालं आणि लोकांचे फोन त्यांना सांगू लागले की या गल्लीतून गेलात तर लवकर पोचाल. झालं! सकाळ-संध्याकाळ गाड्यांचा नुसता लोंढा. म्हाताऱ्या माणसांना समोरच्या बाकापर्यंत जायची चोरी झाली. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आ करून बसलेला पेशंट हॉर्न वाजला की दचके, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईही. त्यातच बातमी आली की नगरपालिका रस्ता रुंद करणार. म्हणजे झाडं तोडणार आणि ओढा पाइपात घालून वर डांबर ओतणार.

सगळी गल्ली हवालदिल झाली. एकटे भावोजी तेवढे खुशीत होते.

"रुंद होऊ द्या की वहिनी," ते म्हणाले. "गाड्या वाढतील. माझं दुकान एकदम रस्त्यावर येईल!"

"रस्त्यावर येईल म्हणजे नक्की काय होईल, भावोजी?" क्लचबाई बोलून गेल्या.

आजूबाजूचे हसले, पण भावोजी हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी वहिनींशी अबोला धरला. निरोप द्यायचा झाला तर तो बायकोमार्फत. मग वहिनी समोर हातभर अंतरावर उभ्या का असेनात. जाऊबाई बिचारी दोघांच्या मध्ये मान इकडून तिकडे फिरवत राहायची. तिचं आणखी एक गुपित होतं. बाजारात जाते म्हणून ती घरातून निघायची आणि थोरल्या जावेकडे गाडी शिकायची.

या शिकवणीतूनच क्लचबाईंना कल्पना सुचली. ऐन गर्दीच्या वेळेला आपली शिकाऊ गाडी गल्लीतून फिरवायची. शिकाऊ माणूस हळू चालवणारच, त्याला कोण काय म्हणणार? चार दिवस गाडीमागे रांगत गेले की लोक आपसूक दुसरा रस्ता धरतील. मंडळाला कल्पना इतकी आवडली की सभेत दोन खुर्च्या मोडल्या.

पहिला मान एका निवृत्त ग्रंथपालांना मिळाला. ते इतके सभ्य होते की चिमणी रस्त्यात उतरली तर तिचं दाणे टिपून होईपर्यंत थांबत. मागे रांग लागली. शिव्यांचा वर्षाव झाला. ग्रंथपाल काचेतून हात बाहेर काढून प्रत्येकाला "क्षमा असावी" म्हणत राहिले. क्लचबाईंना हसू आवरेना.

पुढच्या खेपेला, भावोजी माल आणायला गेलेत असं बघून, जाऊबाई स्टिअरिंगवर बसली. ओठ घट्ट मिटून, नाक जवळजवळ काचेला लावून ती गाडी हाकत होती. मागे एक टेम्पो लागला. त्याचा हॉर्न काही केल्या थांबेना. शेवटी टेम्पोचं दार धाडकन आपटलं आणि कुणीतरी तरातरा चालत खिडकीशी आलं.

"अहो बाई, गाडी चालवताय की वरात काढलीय?" म्हणत त्या माणसानं आत डोकं घातलं, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नवीन टायर भरून आणणारे भावोजी होते ते. "तू?"

जाऊबाईचा पाय सटकला. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मग जाऊबाई सरळ समोर बघत म्हणाली, "हॉर्न वाजवू नका. मी शिकतेय."

भावोजी तसेच मागे फिरले. त्यांची मान लालबुंद झाली होती. घरातलं भांडण आपण आणखी एक मजला वर चढवलं, हे क्लचबाईंना कळून चुकलं.

त्यात भर पडली ती नगरपालिकेच्या अभियंत्याची. हा तरुण, हसतमुख माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून सकाळपासून गाड्या मोजत होता. रांग पांगल्यावर तो क्लचबाईंकडे आला.

"बाई, तुमचे आभार मानायला आलो."

"ते कशाबद्दल?"

"रस्ता तुंबतो असं मला वर दाखवायचं होतं. इतका तुंबतो असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. तुम्ही तर रुंदीकरणाची बाजू भक्कम करून दिलीत."

क्लचबाई ओट्यावर बसल्या. आपल्याच हातानं आपल्याच झाडांवर कुऱ्हाड! त्यांचा पडलेला चेहरा बघून अभियंत्याला वाईट वाटलं असावं. तो शेजारी टेकला.

"हे बघा, झाडं तोडायची हौस मलाही नाही," तो म्हणाला. "दुसरा एक मार्ग आहे. गल्लीच्या रुंदीत ओळीनं खांब रोवायचे. पायी आणि सायकलवाले जातील, गाड्या नाहीत. आधी काही महिने करून बघायचं. जमलं तर रुंदीकरणाची गरजच उरणार नाही. पण गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांची संमती पाहिजे. एकानंही हरकत घेतली तर माझे हात बांधलेले."

गल्लीत दुकानदार होता एकच.

संध्याकाळी सभा भरली. खांबांची गोष्ट ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले. गल्लीच्या अगदी तोंडाशी खांब रोवावेत, म्हणजे आवाजच नको, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं.

"तोंडाशी नको," क्लचबाई म्हणाल्या. "टायरचं दुकान आत अडकेल. गाडीच येणार नसेल तर तो माणूस टायर कुणाला विकणार? ओढ्याच्या माशांना?"

"तुमचे दीर आहेत म्हणून बोलताय," डॉक्टरीणबाईंनी तोडून टाकलं.

"आहेतच माझे दीर. पण शांतता सगळ्यांना हवी आणि नुकसान एकट्यानं सोसायचं, हा कुठला न्याय? खांब दुकानापासून थोडे आत रोवू या, म्हणजे गाड्यांना वळायला जागा राहील. बाकी सगळी गल्ली आत राहील. बाहेर राहील फक्त दुकान आणि त्याच्या शेजारचं घर."

"शेजारचं घर तर तुमचं!"

"मग? मला आवाजाची सवय आहे. त्यातला निम्मा मीच करते."

डॉक्टरीणबाईंनीच सगळ्यात आधी हात वर केला, आणि मग बाकीचे हात वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लचबाई दुकानाची पायरी चढल्या. भावोजी फुगवलेली ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भावोजी, मी कुणाकरवी निरोप पाठवणार नाही. स्वतःच आलेय." आणि त्यांनी खांबांची सगळी हकिगत सांगितली. घर बाहेर राहणार ते मात्र सांगितलं नाही.

भावोजींनी ट्यूब पाण्यात आणखी एकदा फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या दारात धूर आणि हॉर्न तसाच राहणार."

"राहू दे."

"ती गाडी शिकतेय, हे मला कुणी सांगणार होतं का?"

"तुम्ही बोलत कुठं होता?"

भावोजींनी बुडबुडा सापडलेल्या जागी खडूनं खूण केली. गाल आतून चावत ते हसू दाबत होते. "आणि मला म्हणते, हॉर्न वाजवू नका! लग्नापासून आजवर कधी वरच्या पट्टीत बोलली नव्हती." त्यांनी हात पुसले. "खांबांचं एक सांगतो. पक्के रोवाल तर पस्तावाल. उद्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गाडी आत कशी येणार? मधला खांब काढता आला पाहिजे. कुलूप लावा, आणि किल्ली माझ्याकडे ठेवा. माझं दुकान दिवसभर उघडं असतं आणि रात्री मी वरच झोपतो."

"म्हणजे संमती आहे?"

"किल्ली माझ्याकडे असेल तर आहे."

खांब रोवले गेले. पहिले काही दिवस गाड्या भरधाव यायच्या, खांबांसमोर कचकन थांबायच्या आणि चडफडत वळायच्या. वळताना कुणाला हवा भरून घ्यायची आठवण व्हायची, कुणाला झिजलेला टायर दिसायचा. भावोजी सगळ्यांना अगत्यानं पुढचा रस्ता समजावून सांगायचे. हळूहळू लोकांच्या फोनलाही समजलं, आणि लोंढा आटला. खांबांपलीकडे पोरं भर रस्त्यात खेळू लागली. ग्रंथपालांनी झाडाखाली खुर्ची टाकली. एका रविवारी सगळ्यांनी ओढ्यात उतरून गाळ आणि प्लॅस्टिक उपसलं, तेव्हा गुडघाभर पाण्यात उभे राहून सर्वांत जास्त हुकूम सोडत होते ते भावोजीच. त्यांचे हुकूम ऐकत जाऊबाई काठावरून टेम्पो मागे घेत होती, आणि तोही एकदासुद्धा बंद न पाडता.

मुदत संपली तसा अभियंता पुन्हा आला. दिवसभर पायरीवर बसला, पण मोजायला फारसं काही मिळालं नाही. झाडं राहणार, ओढा उघडाच राहणार, हे त्यानं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अर्धा भरलेला दात सोडून बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या.

निघताना तो क्लचबाईंच्या दारात घुटमळला.

"बाई, एक विचारायचं होतं. माझं सगळं आयुष्य गाड्या मोजण्यात चाललंय, पण मला स्वतःला चालवता येत नाही. शिकवाल का?"

"शिकवेन की. उद्यापासून या," क्लचबाई म्हणाल्या. "फक्त एक आहे. इथं गाडी सरळ पुढे न्यायची सोय उरलेली नाही. माझ्याकडे हल्ली पहिल्याच दिवशी रिव्हर्स शिकावा लागतो."

"अरेच्चा!" अभियंता म्हणाला. "ही सोय कुणी बंद केली?"

"तुम्हीच," क्लचबाई म्हणाल्या आणि आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला.