वरवंडचा स्पॅनिश बंगला

नाथ असोसिएट्सचे नाथसर स्पेनला एकदाच गेले होते, आणि तेही सहल कंपनीच्या बसमधून, जेवण भारतीय मिळेल ना याची आधी खात्री करून. परत आल्यावर त्यांनी पुण्याच्या ऑफिसात बार्सिलोनाचे मोठाले फोटो लावले, टेबलावर रंगीत फरशीच्या तुकड्यांचा सरडा ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, की आपली शैली स्पॅनिश आहे. त्यांचं मूळ नाव नवनाथ, मूळ गाव शिरूर. कार्डावर दोन्ही नव्हतं. शिरूरकडचं कुणी भेटायला आलं, की नाथसर इंग्रजीतून बोलायचे आणि समोरचा माणूस उठून जाईपर्यंत बोलत राहायचे.

करुणा त्यांच्याकडे २००१ साली नोकरीला लागली. ती तळेगाव ढमढेऱ्याच्या बौद्धवस्तीतली. वडील चांगदेव सणसवाडीच्या एका कारखान्यात मशीनवर होते. मुलगी आर्किटेक्ट झाली हे ते शिफ्टमध्ये सगळ्यांना सांगायचे, आर्किटेक्ट म्हणजे नेमकं काय हे विचारलं तर म्हणायचे, "इंजिनियरच्या वरचं असतंय."

कॉलेजात चौथ्या वर्षी करुणानं आधुनिक स्पॅनिश वास्तुकलेवर सेमिनार दिला होता. बाकीची मुलं बार्सिलोनाच्या गौदीपाशी थांबायची, कारण त्याच्या नागमोडी इमारतींचे फोटो चांगले येतात. करुणा पुढं गेली होती. यादवी युद्धानंतर सेर्तसारखा आर्किटेक्ट देश सोडून अमेरिकेला गेला. मागे राहिलेल्यांनी हुकूमशाहीत, मालाच्या टंचाईत, मुकाट्यानं काम केलं. त्यांतल्या कोदेर्कनं बार्सिलोनातल्या बार्सेलोनेता या जुन्या कोळीवस्तीत फ्लॅट बांधले आणि त्यांना खालपासून वरपर्यंत लाकडी पट्ट्यांच्या झडपा लावल्या. दे ला सोतानं माद्रिदमध्ये एका शाळेची व्यायामशाळा उतारावर अशी बसवली, की तिचं छप्पर हेच वरच्या शाळेचं पटांगण झालं. पुढं लोकशाही आली, तेव्हा लहान लहान गावांनी तरुण आर्किटेक्टांकडून शाळा, वाचनालयं, दवाखाने बांधून घेतले. मोनेओनं मेरिदा गावात रोमन अवशेषांवर विटांच्या उंच कमानींचं म्युझियम उभं केलं. करुणाला तो देश ओळखीचा वाटला. ऊन जास्त, पैसा कमी आणि वर बसलेली माणसं मूर्ख.

नाथसरांच्या स्पेनमध्ये यातलं कुणी राहत नव्हतं. तिथं गौदी होता, कालात्रावाचे पूल होते आणि बिल्बाओचं चकचकीत म्युझियम होतं. ते म्युझियम एका अमेरिकन आर्किटेक्टचं आहे, हे करुणानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं.

"आहे कुठं पण? स्पेनमध्येच ना?" नाथसर म्हणाले. "मग स्पॅनिशच."

त्यानंतर ती फारसं काही सांगायची नाही. ड्रॉइंग बोर्डावर वाकून कमानी काढायची. वाघोलीच्या बिल्डरसाठी कमानी, शिक्रापूरच्या डॉक्टरसाठी कमानी, वर लाल कौलं, खाली आरसीसी. दुपारी डबा खाताना ती शेजारच्या हर्षदाला म्हणायची, "हा माणूस स्पेनचा नकाशा उलटा धरेल." हर्षदा ऑफिसचे फोन घ्यायची. ती हसायची आणि दाराकडे बघायची.

मग वरवंडचा संपत आला. त्याच्या आजोबांकडे मेंढरं होती, बापानं शेती केली, संपतनं टँकर घेतले. कुरकुंभच्या कारखान्यांना त्याचे टँकर लागायचे. सोलापूर रस्त्याला लागून त्याची जमीन होती आणि तिथं त्याला बंगला बांधायचा होता. नाथसरांनी अल्बम उघडला.

"हे असंच वाकडं असतंय का सायेब?" संपतनं विचारलं.

"ऑरगॅनिक आहे ते. निसर्गात सरळ रेषा नसते."

"आमच्याकडं भित वाकडी झाली की गवंड्याला हाकलत्यात." तो मनापासून सांगत होता. मग अल्बम मिटून म्हणाला, "मला यातलं काय कळत न्हाई. यष्टीतनं जाणाऱ्या माणसानं मान वळवून बघितलं पायजे, येवढंच बघा."

जागा पाहून परत येताना नाथसरांनी गाडीची काच वर केली. "मेंढरं वळायची ही माणसं. आता यांना बंगला पाहिजे. काय द्यायचं ते द्या, यांना फरक पडत नाही."

करुणा मागच्या सीटवर होती. ती उतरल्यावर हा माणूस तिच्या वस्तीबद्दल काय बोलत असेल, हे तिला न विचारताही कळलं. पण खरं सांगायचं तर संपतबद्दल तिलाही आदर वाटला नव्हता. यष्टीतल्या माणसासाठी घर बांधणारा माणूस तिच्या लेखी नाथसरांच्याच लायकीचा होता. दोघांची चांगली गाठ पडली, असं तिनं मनात म्हटलं.

बंगल्याचं डिझाइन नाथसरांनी स्वतः केलं. छप्पर पंख उघडलेल्या पक्ष्यासारखं, सिमेंटचं. हॉल दोन मजले उंच आणि त्याला हायवेच्या बाजूनं, म्हणजे पश्चिमेला, अखंड काच. गच्चीवर नागमोडी बाक, त्यावर फुटक्या फरशीचे तुकडे. पश्चिमेच्या उन्हाचं काय, असं करुणानं विचारलं, तर ते म्हणाले, "एसी नावाची गोष्ट असते."

मागच्या बाजूला ड्रायव्हरांना राहायला चार खोल्या हव्या होत्या. त्या कामाकडे नाथसरांनी पाहिलंही नाही. "ते तू काढ. काहीही काढ."

करुणानं ते काम जीव ओतून केलं. जाड विटांच्या भिंती, मध्ये छोटं अंगण, उत्तरेला पडवी. आणि पश्चिमेच्या खिडक्यांना कोदेर्कसारख्या खालपासून वरपर्यंत लाकडी पट्ट्यांच्या झडपा, उन्हाप्रमाणे फिरवता येतील अशा. नाथसरांनी न वाचता सही केली. सुताराला पट्ट्यांचा कोन समजावण्यासाठी ती कोदेर्कच्या फ्लॅटचा छोटा फोटो घेऊन सुट्टीच्या दिवशीही वरवंडला गेली. आयुष्यात पहिल्यांदा आपण खरं काहीतरी बांधतोय, असं तिला वाटलं.

वास्तुशांतीला अख्खं गाव जेवलं. यष्ट्या खरंच हळू व्हायच्या. संपत फाटकाशी उभा राहून मोजक्या शब्दांत सगळ्यांना सांगत होता, "स्पेनचं हाय." नाथसरांनी फेटा बांधून घेतला आणि फोटो निघेपर्यंत डोक्यावर ठेवला.

पुढचा उन्हाळा दुष्काळातला होता. दौंड भागात पाणी टँकरनं यायचं आणि वीज दिवसातले किती तास जाईल याला धरबंध नव्हता. एसी बंद पडला, की काचेच्या हॉलमध्ये बसवत नसे. सोफ्याचं रेक्झिन पाठीला चिकटायचं. पंखासारख्या छपराला वळवाच्या पहिल्याच पावसात चीर गेली आणि पाणी झुंबरावरून खाली आलं. संपतनं फोन केले. नाथसर मीटिंगमध्ये असायचे.

जूनच्या आत घरातली माणसं मागं राहायला गेली. आधी संपतची आई कुशाबाई गेली, मग सुना, मग तो स्वतः. ड्रायव्हर बंगल्यात आले. ते रात्री गच्चीवर झोपायचे आणि नागमोडी बाकावर लुंग्या वाळत घालायचे. हॉलमध्ये संपतनं टँकरचे जुने टायर रचले. मान वळवून बघणाऱ्याला आता काचेतून टायरच दिसायचे.

ही बातमी करुणाला हर्षदाकडून कळली आणि त्या दिवशी तिचा डबा गोड लागला. आपल्या खोल्यांनी बंगल्याला हरवलं, हे तिनं मनात पक्कं धरलं. नाथसर टेबलाशी आले, की ती आता थेट त्यांच्या तोंडाकडे बघायची.

तशात एका मासिकानं वर्षातल्या उत्तम बंगल्यासाठी पुरस्कार जाहीर केला. नाथसरांनी वरवंडचे वास्तुशांतीचे फोटो पाठवले होते. निवड समिती पाहायला येणार असं ठरलं. करुणाला आदल्या दिवशी तिकडे पाठवण्यात आलं. टायर हलवायचे, काच धुवायची, माणसं सोफ्यावर बसवायची.

संपतनं टायर हलवून दिले. छपराची चीर बुजवून देण्याच्या बोलीवर तो तयार झाला होता. कुशाबाई मात्र मागच्या पडवीतून उठायला तयार नव्हती.

"आजी, तासाभराचं काम आहे," करुणा म्हणाली.

"त्या भट्टीत तासभर तू बस. माझ्याऐवजी म्हस न्या आन् बसवा सोफ्यावर. तिला साडी नेसवा."

करुणाला हसू आलं. ती बोलतच खोल्यांच्या पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या अंगाला वळली आणि थांबली. तिच्या झडपांवर बाहेरून खताची पोती ठोकली होती. खिळे सरळ लाकडात मारलेले. दोन झडपा बिजागरीतून निखळून भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"हे काय केलं?"

"रस्त्याची धूळ," कुशाबाई पडवीतूनच म्हणाली. "त्या फटीतनं आत येती. जेवताना ताटात माती. फिरवायला गेलं तर फिरत्यात कुठं? धुळीनं बसल्यात घट्ट. कुणी काढलं हे येडं काम?"



दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन माणसं, तिघांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. नाथसर त्यांना हॉलमधून फिरवत गौदी, कालात्रावा आणि बिल्बाओ सांगत होते. संपत इस्त्रीच्या कपड्यांत सोफ्याच्या टोकाला बसला होता, त्याच्या कपाळावरून घाम कानामागे उतरत होता. थोड्या वेळानं समितीतल्या वयस्कर बाईंना गरगरायला लागलं. त्यांना मागं पडवीत आणून बसवलं आणि मग सगळेच तिथं आले. चहा तिथंच झाला. बाईंनी अंगणाकडे, भिंतींकडे पाहिलं. पोत्यांची बाजू तिथून दिसत नव्हती.

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

"माझंच," नाथसर म्हणाले. ते अडखळलेही नाहीत. "कोदेर्कचा प्रभाव आहे." हे नाव त्यांनी करुणाच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं होतं.

"सर, हे मी काढलंय," करुणा म्हणाली.

नाथसर हसले. "आमच्या ऑफिसात मुलं ड्रॉइंग काढतात, हो."

बाईंनी करुणाकडे क्षणभर पाहिलं, बशी खाली ठेवली आणि परतीच्या गाडीची चौकशी केली.

पुरस्कार बंगल्याला मिळाला. धाडसी रूपाबद्दल, असं मासिकात छापून आलं. फोटोत टायर नव्हते. पडवीचा एक लहान फोटो कोपऱ्यात होता आणि खाली 'सेवकांची निवासस्थाने' असं लिहिलं होतं. करुणानं तो अंक नाथसरांच्या टेबलावर, सरड्याच्या अंगावर पालथा टाकला आणि नोकरी सोडली. त्यांनी थांबवलं नाही. हर्षदाला म्हणाले, "या लोकांना संधी दिली तरी टिकवता येत नाही." हर्षदानं ते फोनवर करुणाला जसंच्या तसं सांगितलं.

करुणा तळेगावला परत आली. चांगदेवांनी कारखान्यात काही सांगितलं नाही. काही आठवडे तिनं नाथसरांना शिव्या देण्यात घालवले. त्यासाठी कारणं शोधावी लागत नव्हती. मग एके दिवशी संपत जीप घेऊन दारात आला.

"ताई, त्या फळ्या काढून द्या आन् दुसरं कायतरी बसवा."

"नाथसरांना सांगा ना. त्यांचं काम आहे ते."

"त्यो माणूस फोन उचलत न्हाई. आन् तुम्हीच म्हणाला की सगळ्यांसमोर, मी काढलंय म्हणून."

 करुणानं विचारलं, "तुम्ही सगळे तिथं राहायला गेलात ते गार वाटतं म्हणूनच ना?"

"गार हाय, व्हय. भिती जाड हायेत." संपतनं चहाचा घोट घेतला. "पर आई पहिली गेली ती म्हशीपायी. म्हस समोर दिसत न्हाई तर तिला झोप येत न्हाई. आन् फळ्यांचं म्हणाल, तर ह्यो सायेब एक फोटो घिऊन आला, तुम्ही दुसरा घिऊन आला. त्याचा मोठा होता, तुमचा बारका. येवढाच फरक. आमच्या रस्त्यावर धूळ किती उडती, हे दोघांनी बी इचारलं न्हाई."

तो रागावलेला नव्हता. त्याच्या आवाजात तिला तोच सूर ऐकू आला, ज्यात ती स्वतः नाथसरांबद्दल बोलायची. तिला तो सहन झाला नाही. ती आत गेली, हंड्यातलं पाणी तोंडावर मारलं. चांगदेव खाटेवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी तिच्याकडे पाहण्याचं टाळलं.

ती संध्याकाळ तिनं जुने सेमिनारचे कागद घेऊन काढली. कोदेर्कच्या फ्लॅटचा नकाशा तिनं डोळे मिटून काढता येईल इतका पाठ केला होता. पण बार्सेलोनेतापुढे समुद्र आहे आणि वरवंडपुढे हायवे, ही गोष्ट तिनं कधी नकाशावर बोट ठेवून पाहिली नव्हती. ती बार्सिलोनाला गेलीच नव्हती. नाथसर निदान बसमधून तरी जाऊन आले होते. या विचारानं तिला इतकी चीड आली, की ती कागद तसेच पसरलेले ठेवून झोपली.

सकाळी ती तळेगावहून जीप पकडून शिक्रापूरला गेली, तिथून गाड्या बदलत वरवंडला. झडपा काढल्या. त्यांच्या जागी अर्ध्या उंचीपर्यंत वीट चढवली, वर साध्या खिडक्या, दुहेरी पल्ल्यांच्या, आणि त्यांवर रुंद छज्जा. रस्त्याच्या बाजूला शेवरीचं दाट कुंपण लावायला सांगितलं. दिसायला ते कुठल्याही पतसंस्थेच्या इमारतीसारखं दिसत होतं. कुठलंही मासिक त्याचा फोटो घेणार नव्हतं. गवंड्यांच्या मागं उभं राहून कुशाबाई सगळं बघत होती.

"हे कुठल्या देशाचं?" तिनं विचारलं.

"कुठल्याच नाही, आजी."

"मग पहिल्यांदाच का न्हाई केलं?"

 करुणानं ओळंबा हातात घेतला आणि नव्या भिंतीला लावला. भिंत थोडी बाहेर गेली होती. तिनं गवंड्याला वरचे दोन थर उतरवायला सांगितले, आणि तो कुरकुरत उतरवेपर्यंत उन्हातच उभी राहिली.