लोम्बार्डी मोठा की शुला?

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या घरात दोन अमेरिकन माणसांवरून पंचवीस वर्षं भांडण चाललं होतं. लोम्बार्डी मोठा की शुला? दोघंही अमेरिकन फुटबॉलचे जुने कोच. त्या खेळात माणसं पडतात, उठतात, पुन्हा पडतात. मला त्यापलीकडे काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. चॅनल फोरवर तो दिसायला लागला तेव्हा हे आणि पुरुषोत्तम भाऊजी एकाच हॉस्पिटलात डॉक्टर होते. तेव्हापासून दर रविवारी भाऊजी यायचे, माझा चिवडा फस्त करायचे आणि दोघं घसा फोडून भांडायचे. माघार कधी कोणी घेतली नाही.

२००७च्या ऑक्टोबरात मात्र भाऊजी शुक्रवारीच आले. हे झोपले होते. भाऊजींना हॉस्पिटलमधून आतून कळलं होतं, ह्यांचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय. अपॉइंटमेंट सोमवारी होती, आणि इथले डॉक्टर तोंडावर सांगून मोकळे होतात.

मी म्हटलं, "भाऊजी, रविवारी वेम्बलीची मॅच आहे. तेवढी सुखानं बघू द्या त्यांना. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"नाही काढणार, वहिनी."

रविवारी वेम्बलीवर नुसता चिखल. खेळत होती मायामी, म्हणजे भाऊजींच्या शुलाची जुनी टीम. यंदा तिनं एकही मॅच जिंकली नव्हती. ह्यांना चेव आला. ब्लँकेटमधून उठून बसले.

"बघ लेका, शुला गेला आणि टीम झोपली! लोम्बार्डीनं सात वर्षांत पाच चॅम्पियनशिप घेतल्या. त्या पण मोडीत निघालेली टीम हाताशी धरून!"

एरवी भाऊजी उसळले असते. अख्खा सीझन न हरता काढणारा दुसरा कोण ते दाखव, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी वाटच बघत होते.

भाऊजींनी ह्यांच्या खांद्यावरचं ब्लँकेट सारखं केलं. "खरंय शेखर. लोम्बार्डीच मोठा."

अगं बाई! मी डोळे वटारले, पण काय उपयोग? अवाक्षर काढलं नाही म्हणे! एवढा शिकलेला माणूस, तोंडावर भांडायचं सोडून लाड करत बसला. असा संताप आला मला त्यांचा.

ह्यांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. भाऊजींकडे बघत राहिले, क्लिनिकमध्ये पेशंटकडे बघायचे तसे.

"पुर्षा," हे शांतपणे म्हणाले, "कुठवर पसरलंय?"